पाहुणे फुटबॉलचाहते जास्त पितात की कार्निवलची घरची गर्दी?

प्रश्न विचारणारा मुलगा कोलोनला शिकतो आणि जुन्या शहरातल्या एका ब्राउहाउसमध्ये (स्वतःची बिअर विकणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बिअरगृहात) नुकताच अर्धवेळ कामाला लागला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "मालक म्हणतात, २०२४ च्या युरो स्पर्धेत स्कॉटलंडवाल्यांनी रिचवली तशी बिअर कार्निवललाही कोणी रिचवत नाही. बरोबरचे लोक म्हणतात, फुटबॉलवाले शंभर वेळा परवडले, पण अकरा नोव्हेंबरची, कार्निवलचा मोसम उघडतो त्या दिवसाची, शिफ्ट नको. खरं कोण? आणि मी कोणत्या दिवसांत काम मागू?"

दोघंही खरं बोलताहेत. मालक पिंपं मोजतात आणि बरोबरचे रुग्णवाहिका मोजतात.

मी या शहरात चौदा वर्षं याच धंद्यात आहे. आधी पेले धुतले, मग निळा एप्रन बांधून क्योबेस झालो (इथल्या वेटरला क्योबेस म्हणतात, आणि ग्राहकाला दोन शब्द सुनावण्याचा त्याचा परंपरागत हक्क आहे), आता शिफ्ट सांभाळतो. त्यामुळे पुढचं बरंचसं काउंटरमागून दिसलेलं आहे. पण आधी थोडा हिशेब मांडतो, कारण तो नसला की 'कोण जास्त पितो' ही नुसती बढाईची गोष्ट होते.

क्योल्शचा, म्हणजे कोलोनच्या बिअरचा, पेला ०.२ लिटरचा. बिअर साधारण ४.८ टक्क्यांची. म्हणजे एका पेल्यात शुद्ध अल्कोहोल जेमतेम साडेसात ग्रॅम. सत्तर किलोच्या निरोगी माणसाचं शरीर तासाला जवळपास तेवढंच अल्कोहोल निकालात काढतं. म्हणजे तासाला एक पेला घेणारा माणूस दिवसभर उभा राहिला तरी त्याला फारशी चढत नाही. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा; चार टक्क्यांची बिअर धरली तरी त्यात अठरा ग्रॅम जातात. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमधला मास एक लिटरचा, बिअर सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एका मगात सत्तेचाळीस ग्रॅम. आणि आता लक्षात ठेवण्याचा आकडा: किऑस्कवर मिळणारी श्नाप्सची (कडक दारूची) इवलीशी बाटली २० मिलिलिटरची, तिच्यात सहा ग्रॅमच्या वर. म्हणजे जवळजवळ एक क्योल्शच, फक्त दोन सेकंदांत घशाखाली.

पाइंटची सवय असलेला माणूस आमचा पेला पहिल्यांदा बघतो तेव्हा हसतो. मग शेजारच्याला दाखवून हसतो. मग अख्खा क्रांत्स मागतो. क्रांत्स म्हणजे मधे दांडी असलेली ती गोल थाळी, जिच्यात दहा-बारा पेले बसतात. त्याला वाटतं, आपण यांची चेष्टा केली. खरं तर लहान पेला त्याला आवरत असतो. पाइंटच्या हिशेबात तीन तासांत चार प्याले त्याने सहज घेतले असते, बहात्तर ग्रॅम. तेवढं गाठायला त्याला आमचे नऊ-दहा पेले लागतात. दर पेल्यागणिक हात वर करणं, थाळी येण्याची वाट बघणं, मधे एखादं गाणं, यात वेळ जातो. उलट बाजूने आमची पद्धत मात्र ढकलणारी आहे. पेला रिकामा दिसला की क्योबेस न विचारता भरलेला ठेवतो आणि बिअरच्या पुठ्ठ्यावर एक रेघ ओढतो. थांबायचं असेल तर तो पुठ्ठा पेल्यावर झाकण म्हणून ठेवायचा. हे पाहुण्याला ठाऊक नसतं. तो बिचारा सभ्यपणे पीत राहतो आणि आम्ही सभ्यपणे आणून ठेवत राहतो. पहिल्याच फेरीला पुठ्ठ्याची खूण हाताने करून दाखवली की निम्म्या कटकटी तिथेच संपतात. मालकाला ही खूण पाहुण्याला कळू नयेसं वाटत असेल, तरी दाखवा.

आता १९ जून २०२४ चा दिवस घेऊ. स्कॉटलंड विरुद्ध स्वित्झर्लंड, रात्री नऊची किक-ऑफ. पाचच दिवस आधी म्युनिकला जर्मनीने त्यांना ५-१ असं धुतलं होतं. कुणाच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. स्टेडियमची क्षमता त्रेचाळीस हजारांच्या आसपास, आणि शहरात आलेल्यांपैकी कित्येकांकडे तिकीटच नव्हतं. सकाळी अकराला आल्टर मार्क्ट आणि हॉयमार्क्ट या जुन्या शहरातल्या चौकांत किल्टच किल्ट. मी मनात म्हटलं, दहा तास आहेत, आज आपलं काही खरं नाही.

झालं काय, तर दुपारभर बिअर वाहत राहिली, पण सपाट वाहत राहिली. त्या दिवशी माझ्या पहिल्यांदा नीट लक्षात आलं की या लोकांच्या पिण्याला घड्याळ असतं. नऊला सामना म्हणजे साडेसहा-सातला ट्रॅम, त्याआधी पोरांना जमवायचं, त्याआधी काहीतरी खायचं. प्रत्येक टोळक्यात एक काका असतोच, खिशात सगळ्यांची तिकिटं ठेवणारा. तो पितो, पण एक डोळा मनगटावर. वयं मिसळलेली असतात: बाप, मुलगा, मुलाचा मित्र, बापाचा मेहुणा. ज्या टोळक्यात तीन पिढ्या आहेत तिथे सर्वांत तरुणाला कोणीतरी दटावतं आणि सर्वांत म्हाताऱ्याला कोणीतरी खुर्ची देतं. आणि गाणं! गाणाऱ्या तोंडाला पिता येत नाही, हे इतकं साधं आहे की कोणी मोजत नाही. सहाच्या सुमारास आमची गर्दी ओसरली, तिकीट नसलेले मोठ्या पडद्यांकडे सरकले. सामना १-१ असा बरोबरीत सुटल्यावर अकरानंतर दुसरी लाट आली. ती लहान, दमलेली, पाय ओढत आलेली.

म्हणजे आलेख काढलात तर दोन उंचवटे दिसतील, मधे खळगा. माणसं ठरवायची ती या आलेखावर. मालकांनी त्या दिवशी रात्री नऊला पूर्ण ताफा उभा ठेवला असेल तर त्यांनी पैसे वाया घालवले.

सामन्याआधी भरून घेण्याची ही सवय आली कुठून, तर घरच्या कायद्यातून. १० मे १९८० ला ग्लासगोच्या हॅम्पडेनवर स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यानंतर रेंजर्स आणि सेल्टिकचे पाठीराखे मैदानात भिडले. त्याच वर्षीच्या कायद्याने स्कॉटलंडच्या फुटबॉल मैदानांवर दारूबंदी आली. इंग्लंडमध्ये स्टेडियममध्ये बिअर मिळते, पण १९८५ पासून खेळ दिसेल अशा जागी बसून ती पिता येत नाही. दोन पिढ्या अशा वाढल्या की आत मिळणार नाही, तेव्हा बाहेरच उरकून घ्या. जर्मनीत आत बिअर मिळते हे माहीत असूनही अंगवळणी पडलेलं सुटत नाही. त्याच स्पर्धेत १६ जूनला गेल्सनकिर्शनला इंग्लंड-सर्बिया सामना धोक्याचा मानून आत २.५ टक्क्यांचीच बिअर ठेवली होती. माझ्या मते अशा पातळ बिअरचा उपयोग मर्यादितच. ज्याला चढायची त्याला शहरातल्या चौकात चढलेली असते. फार तर मध्यंतरात त्यावर आणखी थर चढत नाही, एवढंच.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण नवीन माणूस फुटबॉलच्या दिवशी मारामारीच्या धास्तीनेच येतो. पिणं आणि मारामारी यांचा संबंध आहे, पण बिअर ओतली की दंगल उगवते इतका सरळ नाही. २०१६ च्या युरोत मार्सेलला इंग्लिश चाहते दिवसभर बंदराशी पीत होते हे खरं. पण त्यांच्यावर चालून आलेली रशियन टोळकी पिऊन आलेली नव्हती, तयारी करून आलेली होती. त्याच स्पर्धेत आयर्लंडच्या दोन्ही संघांचे पाठीराखे पीत, गात फिरले आणि पॅरिसच्या महापौरांनी त्यांना शहराचं पदक दिलं. २०२२ ला कतारने विश्वचषक स्पर्धेच्या दोन दिवस आधी स्टेडियमच्या आवारातली बिअर बंद केली आणि इंग्लंड-वेल्सचा एकही चाहता अटकेत गेला नाही, तर सगळे म्हणाले, बघा, दारू नाही तर भांडण नाही. अर्धं खरं असेल. पण इतका महागडा प्रवास करून तिथे गेलेली माणसं आणि स्वस्तातल्या बसने मार्सेलला पोहोचलेली माणसं एकच होती का, हेही विचारायला हवं. आमच्या काउंटरवर मी भांडणाचा अंदाज पेल्यांवरून बांधत नाही. टोळक्यातला एखादा गायचा थांबलाय का, ते बघतो.

आता घरच्या गर्दीकडे येऊ. माझी खरी चिंता तिथे आहे.

कार्निवलचा मोसम ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी उघडतो. मग मधे काही आठवडे शांतता, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये राखेच्या बुधवाराआधीच्या (त्या बुधवारी ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू होतो) गुरुवारपासून, म्हणजे बायकांच्या गुरुवारपासून, मंगळवारच्या मध्यरात्रीपर्यंत सहा दिवस. सकाळी अकरा ही सुरुवात आहे. शेवट कुठे आहे ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. इथे किक-ऑफ नाही, मध्यंतर नाही, शेवटची शिट्टी नाही. पोरं सकाळी नऊच्या गाडीतच पीत येतात. घरून निघण्याआधी एकमेकांच्या खोलीवर बसून 'आधी तापवून घेणं' हा तर जुना रिवाज. मग पिशवीत सुपरमार्केटच्या बाटल्या, वाटेत किऑस्क, आणि शेवटी आम्ही. जर्मनीत रस्त्यावर पिणं कायदेशीर आहे, सोळाव्या वर्षी बिअर आणि वाइन मिळते, श्नाप्सला अठरा लागतात. सोळा वर्षांच्या हातात श्नाप्स कोणाच्या खिशातून येतो ते तुम्ही विद्यार्थी आहात, तुम्हाला मी काय सांगू.

फरकाचं मूळ इथे आहे. पाहुणा चाहता जे पितो ते जवळपास सगळं आमच्या डोळ्यांदेखत पितो. पुठ्ठ्यावरच्या रेघा म्हणजे त्याची खरी मोजणी. घरच्या पोराच्या पुठ्ठ्यावर तीन रेघा असतात आणि पोटात त्याआधीची अर्धी बाटली व्होडका. तुम्ही चौथा पेला देता आणि तो अचानक कोसळतो, कारण मघाची व्होडका आता कुठे रक्तात चढू लागलेली असते. रेघांवर विसंबणारा क्योबेस कार्निवलला फसतोच.

त्यात वेश. चेहऱ्यावर जोकराचा पांढरा रंग चोपडलेला असला की माणूस फिकट पडलाय का हे कसं कळणार? कोण घामेजलंय, कोणाचे ओठ निळसर झालेत, काही दिसत नाही. मुखवट्याआड डोळे नाहीत. मी अशा वेळी हात बघतो. सुट्टे पैसे मोजताना बोटं चुकतात का, पेला ठेवताना टेबलाच्या कडेचा अंदाज येतो का. आणि तो वेश असतो पातळ कापडाचा. अल्कोहोलने त्वचेकडचं रक्त वाढतं, माणसाला गरम वाटतं आणि प्रत्यक्षात अंगातली ऊब बाहेर पडत असते. जूनमध्ये पडलेला स्कॉटिश गडी उन्हाने आणि कमी पाण्याने हैराण होतो. फेब्रुवारीत पायरीवर झोपलेलं पोर गारठून जातं, आणि गारठलेलं पोर तक्रार करत नाही.

शिवाय त्या दिवशी खायला काही नसतं. आम्हीच टेबलं-खुर्च्या काढून टाकतो, पेले काचेऐवजी प्लास्टिकचे करतो, स्वयंपाकघर बंद ठेवतो किंवा चार पदार्थांवर आणतो, कारण जागा हवी. धंद्याच्या दृष्टीने बरोबर; पण रिकाम्या पोटी पिणाऱ्यांची गर्दी आपण स्वतःच तयार करतो हे कबूल करायला हवं. जुनी कोलोनकर माणसं हे ओळखून असतात. ती सकाळी घरी अंडी, पाव, डुकराचं मांस असा भरभक्कम 'पाया' घालून निघतात, दिवसभर फक्त क्योल्श घेतात, श्नाप्सला हात लावत नाहीत, संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यात परततात. मंगळवारी रात्री नुबेल नावाचा पेंढ्याचा पुतळा जाळताना, सहा दिवसांच्या सगळ्या पापांचं खापर त्याच्यावर फोडून, मनसोक्त रडतात. साठीच्या बाईने सहा दिवस शिस्तीत पिऊन बुधवारी सकाळी कामावर हजर झालेलं मी पाहिलं आहे. तिच्यापुढे कोणताही फुटबॉलवाला कच्चा.

म्हणून 'स्थानिक गर्दी' हा शब्दही जपून वापरा. त्स्युल्पिशर श्ट्रासे या विद्यार्थ्यांच्या भागातल्या रस्त्यावर अकरा नोव्हेंबरला जी खच्चून गर्दी होते, तिच्यातली कितीतरी पोरं आसपासच्या गावांतून सकाळच्या गाडीने आलेली असतात. पक्का कोलोनकर त्यांना 'इमी' म्हणून नाक मुरडतो, म्हणजे बाहेरून येऊन आमची नक्कल करणारे. काचेच्या बाटल्यांवर २०१० पासून बंदी आली, अडथळे लागले, गर्दी विद्यापीठाच्या हिरवळीकडे वळवली गेली. काचांनी पाय कापणं कमी झालं हे माझ्या डोळ्यांना दिसतं. पिण्यावर त्याचा परिणाम झाला असं मला तरी वाटत नाही. २०२४ ला अकरा नोव्हेंबर सोमवारी होता. कामाचा दिवस म्हणून रस्ते ओस पडले नाहीत.

सरासरीचाही एक चकवा सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरफेस्टला सुमारे ६७ लाख माणसं आली आणि सुमारे ७० लाख लिटर बिअर गेली. माणशी एक मग! ऐकून वाटतं, एवढंच? पण त्या ६७ लाखांत लहान मुलं आहेत, आज्या आहेत, झोपाळ्यावर बसून घरी गेलेली कुटुंबं आहेत. सरासरीने कोणी कोसळत नाही. कोसळतो तो पाचवा मग घेणारा.

आणि पिण्यातला हा फरक स्वभावाचा किंवा देशाचा नाही, गाव आपलं की परकं याचा आहे, याचा माझ्याकडे घरचाच पुरावा आहे. १४ सप्टेंबर २०१७ ला १. एफसी कोलोनचा सामना लंडनला आर्सेनलशी होता. क्लबला तिकिटं मिळाली होती तीन हजारांच्या आत, आणि गेले सुमारे वीस हजार. सामना तासभर उशिरा सुरू करावा लागला. त्यातली काही पोरं आमची रोजची गिऱ्हाइकं. कार्निवलला हीच पोरं एकेकटी भरकटलेली मी पाहिली होती; लंडनहून आल्यावर सांगत होती की तिकडे आम्ही एकमेकांना पाच मिनिटंही नजरेआड होऊ दिलं नाही.

का, ते उघड आहे. परक्या गावात कोणालाच हॉटेलचा रस्ता धड माहीत नसतो, म्हणून टोळकं फुटत नाही. एखाद्याला जास्त झाली तर दोघं त्याला काखेत धरून नेतात, कारण सकाळी एकाच विमानाने परतायचं आहे. आपल्या गावात मात्र प्रत्येकाला घर सापडतं, निदान तसं वाटतं. "मी इथे जवळच राहतो" हे वाक्य ऐकलं की आता माझ्या पोटात गोळा येतो. काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका रात्री, मधमाशीच्या वेशातला एक मुलगा मला हेच म्हणाला होता. नीट बोलत होता, हसतही होता. मी जाऊ दिलं. दोन तासांनी रिकामे क्रेट ठेवायला मागच्या दाराने गेलेल्या पोराला तो जिन्याखाली सापडला, पंख अंगाखाली चेपलेले. हलवून उठेना. वाचला, पण त्या रात्रीची चूक माझी होती आणि ती मी कोणावर ढकलत नाही. तेव्हापासून नियम केला: एकट्याने जाणाऱ्याला आधी विचारायचं, बरोबरचे कुठे आहेत. उत्तर आलं नाही तर तो आमच्या आत, उबेत बसतो, कोणी येईपर्यंत.

कामाच्या चार गोष्टी लगेच सांगून टाकतो. उघड उघड झिंगलेल्याला दारू वाढणं जर्मन कायद्याने मना आहे; मालक काहीही म्हणोत, नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. त्याच कायद्याने सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग नसलेलं एक तरी बिनदारूचं पेय मिळायलाच हवं, तेव्हा तक्त्यावर ते कुठे आहे ते पाठ करा आणि नाही म्हणताना हातात तेच ठेवा. रिकाम्या हाताने ऐकलेला नकार माणसाला जास्त झोंबतो. बेशुद्ध झालेल्याला "झोपू द्या, उतरेल" असं म्हणून सोडायचं नाही. कुशीवर वळवायचं, अंगावर काहीतरी घालायचं, ११२ लावायचा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जवळून हलायचं नाही. कॉफी पाजून, गार पाणी ओतून काही होत नाही. यकृत आपल्याच गतीने चालतं.

राहिला शिफ्टचा प्रश्न. स्पर्धेच्या उन्हाळ्यात दुपारची मागा: टिप बरी मिळते, पाय मोडून येतात, रात्री गाणी डोक्यात वाजत राहतात, बाकी काही होत नाही. अकरा नोव्हेंबर पहिल्या वर्षी घेऊ नका. घ्यावीच लागली तर काउंटर नको, दाराजवळचं काम मागा. माणसं बाहेर पडताना कशी चालतात ते बघून जेवढं शिकाल तेवढं नळाशी उभं राहून शिकणार नाही. आणि बूट बंद, जाड तळव्यांचे घाला. काचेच्या बाटल्यांवरची बंदी रस्त्यावर आहे, आमच्या मागच्या अंगणात नाही.